लॅपटॉप घरच्या वायफायला जोडत नाही? आधी कुठे अडतंय ते शोधा

घरात नवीन फायबरचं कनेक्शन आलं, मोबाईल लगेच जोडले गेले, टीव्हीही जोडला गेला, आणि लॅपटॉप मात्र पासवर्ड मागतो, थोडा वेळ गोल फिरतो आणि ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ म्हणून थांबतो. सोसायटीत आणि नात्यात अशा लॅपटॉपची दुरुस्ती बरीच वर्षं माझ्याकडे येते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: बहुतेकांचा वेळ दुरुस्तीत जात नाही, चुकीच्या जागी दुरुस्ती करण्यात जातो. पासवर्ड बरोबर असतो, पण लोक तो दहा वेळा टाकत बसतात. इंटरनेटचं रिचार्ज संपलेलं असतं आणि लोक लॅपटॉपचा ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलतात. सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्याच झटक्यात राउटरच्या मागच्या भोकात पिन खुपसून तो रिसेट करतात, आणि मग दोन दिवस केबलवाल्याची वाट बघतात.

म्हणून या लेखाचा क्रम तसाच पाळा. वेगवेगळ्या जागांवरचे उपाय एकदम करू नका. एक गोष्ट बदलली की तपासा, मगच पुढे जा.

सविस्तर पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडक्यात दिलं आहे.

हाताशी काय ठेवायचं

- त्याच वायफायला जोडलेला एक मोबाईल
- मोबाईलची चार्जिंगची केबल (डेटा जाणारी हवी, काही स्वस्त केबल फक्त चार्ज करतात)
- राउटरच्या खालच्या किंवा मागच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो
- राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड (हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो)
- इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक
- कागद आणि पेन. पडद्यावर आलेला मेसेज शब्दशः लिहून ठेवा. ‘काहीतरी एरर आली’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

१. जोडणीचे चार टप्पे समजून घ्या

लॅपटॉप वायफायला जोडला जातो तेव्हा चार गोष्टी एकामागून एक होतात.

पहिला टप्पा: लॅपटॉपला नेटवर्कचं नाव दिसतं. दुसरा: लॅपटॉप आणि राउटर एकमेकांची ओळख पटवतात आणि एन्क्रिप्शनच्या (माहिती गुप्त करण्याच्या) किल्ल्या ठरवतात. तिसरा: राउटर लॅपटॉपला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) देतो. चौथा: राउटरमधून पुढे इंटरनेट सुरू होतं.

पासवर्डचा आणि एन्क्रिप्शनचा संबंध फक्त दुसऱ्या टप्प्याशी आहे. यादीत नेटवर्कच्या खाली ‘नो इंटरनेट, सिक्युअर्ड’ असं दिसत असेल तर दुसरा टप्पा पार पडला आहे. पासवर्ड बरोबर आहे, एन्क्रिप्शनही जुळलं आहे. तिथे पासवर्ड बदलून काहीही होणार नाही. थेट सहाव्या पायरीवर जा.

दुसऱ्या टप्प्यात काय होतं हे थोडं खोलात सांगतो, कारण त्यावरून पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे बहुतेक घरांत असलेल्या वायफाय सुरक्षेच्या प्रकारात, तुमचा पासवर्ड हवेतून कधीच पाठवला जात नाही. लॅपटॉप पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन, त्यावर ४,०९६ वेळा तेच गणित करून एक किल्ली तयार करतो. राउटरनेही त्याच पद्धतीने किल्ली काढलेली असते. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते आणि दोघांकडे एकच किल्ली आहे का हे पडताळलं जातं. किल्ली जुळली नाही तर राउटर पुढे बोलतच नाही. ‘तुझा पासवर्ड चुकला’ असा साफ निरोप लॅपटॉपला मिळत नाही, त्याला अंदाज बांधावा लागतो. त्यामुळे सिग्नल कमकुवत असताना निरोप अर्धवट पोचले तरी कधीकधी ‘सिक्युरिटी की इनकरेक्ट’ असाच मेसेज येतो. पासवर्डवर शंका घेण्याआधी लॅपटॉप राउटरच्या खोलीत नेऊन एकदा प्रयत्न करा, तो याच कारणासाठी.

२. दोष लॅपटॉपचा की राउटरचा? दोन चाचण्या

मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. जोडला गेला, नेट चाललं, तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड आणि ड्रायव्हर मुळात ठीक आहेत.

मग मोबाईलचा डेटा बंद करा, मोबाईल घरच्या वायफायला जोडा आणि एखादी नवीन वेबसाईट उघडा. चालली तर राउटर आणि इंटरनेट ठीक.

डेटा बंद करायला विसरू नका. वायफायवर नेट नसेल तर मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं वायफाय चालू आहे.

दोन्ही चाचण्या पास झाल्या आणि तरी लॅपटॉप घरच्या वायफायला जोडत नसेल, तर अडचण त्या दोघांच्या जुळण्यात आहे. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

३. नेटवर्कचं नावच दिसत नाही

आधी विमान मोड बघा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चिन्ह असलेली की असते, ती चुकून दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचं सरकतं बटणही असतं.

कोणतंच नेटवर्क दिसत नसेल तर आठव्या पायरीवर जा, ड्रायव्हरचं काम आहे. शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि फक्त आपलं दिसत नाही, तर ही कारणं असू शकतात:

लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ (वायफायच्या लहरींचा एक पट्टा) येतच नाही. जुन्या आणि स्वस्त लॅपटॉपमधली बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर दोन नावं असतील, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लिहिलेलं, तर साधं नाव निवडा. त्या ‘५जी’चा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे.

राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर आहे. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत १ ते ११. लॅपटॉप अमेरिकेतून आणलेला असेल किंवा त्याच्या कार्डाची सेटिंग तिकडची असेल तर १२ आणि १३ वरचं नेटवर्क त्याला दिसत नाही. परदेशातल्या मुलाने किंवा मुलीने पाठवलेल्या लॅपटॉपबाबत हे आवर्जून तपासा. राउटरमध्ये चॅनेल ‘ऑटो’ऐवजी १, ६ किंवा ११ करा.

नाव लपवलेलं आहे. काही जण सुरक्षेसाठी नेटवर्कचं नाव लपवतात. त्याने सुरक्षा वाढत नाही. उलट लॅपटॉप जिथे जाईल तिथे ते नाव पुकारत शोधत राहतो. लपवणं बंद करा.

आणि वीज जाऊन आली असेल तर थोडं थांबा. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर राउटर सुरू झाल्यावर आजूबाजूला रडार नाही ना हे मिनिटभर ऐकतो आणि मगच नाव दाखवतो. तेवढ्यात घाबरून पुन्हा बंद-चालू केलं की ते मिनिट पहिल्यापासून मोजलं जातं.

४. पासवर्ड: मराठी घरातल्या खास खाचाखोचा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून घाई करू नका.

पहिलं काम: पासवर्ड थेट चौकटीत टाकू नका. नोटपॅड उघडा, तिथे टाइप करा आणि डोळ्यांनी वाचा. चौकटीत ठिपके दिसतात, चूक दिसत नाही. चौकटीच्या उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरलं तरी अक्षरं दिसतात.

आता काय बघायचं ते एकेक करून.

*कीबोर्डची भाषा.* आपल्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड असतो. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह मराठी असेल तर तुम्ही इंग्रजी समजून जे दाबाल ते देवनागरीत उमटेल. विंडोजची की आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर या. आकड्यांचंही तेच. मराठी कीबोर्डच्या काही मांडण्यांत देवनागरी आकडे उमटतात, आणि राउटरच्या लेखी ते आकडेच नव्हेत. या लेखात मी देवनागरी आकडे लिहिले आहेत, पण पासवर्ड असो की पत्ता, टाइप करताना इंग्रजीच करा.

*पासवर्ड मराठीत ठेवू नका.* डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा आणि साध्या इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांचाच असावा असा नियम आहे. एखादा राउटर देवनागरी पासवर्ड स्वीकारतो, पण प्रत्येक उपकरण तो सारखाच वाचेल याची खात्री नसते. नेटवर्कचं नाव मराठीत ठेवता येतं, मात्र नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. हौस समजते, पण जुना प्रिंटर किंवा कॅमेरा जोडायचा असेल तर नावही इंग्रजीच ठेवा.

*पहिलं अक्षर मोठं.* इन्स्टॉलेशनला आलेला मुलगा पासवर्ड त्याच्या मोबाईलवरून सेट करतो. मोबाईलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो. तो तोंडी सांगतो तेव्हा हे सांगायचं राहून जातं. पहिलं अक्षर मोठं करून एकदा बघाच.

*व्हॉट्सअॅपवरून कॉपी.* मेसेजमधून पासवर्ड उचलताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते. ती जागाही पासवर्डचा भाग धरली जाते. नोटपॅडमध्ये पेस्ट करून शेवटी कर्सर नेऊन बघा.

*नमलॉक.* वेगळा आकड्यांचा भाग नसलेल्या काही लहान लॅपटॉपवर नमलॉक चालू राहिलं की जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ उमटतात आणि यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६. अर्धा पासवर्ड बरोबर आणि अर्धा आकड्यांचा झालेला नोटपॅडमध्ये दिसला की समजा.

*स्टिकरवरची सारखी दिसणारी अक्षरं.* शून्य आणि कॅपिटल ओ, एकचा आकडा, लहान एल आणि कॅपिटल आय, आठ आणि बी. चष्मा असूनही फरक कळत नाही. यावर सोपा उपाय आहे. जोडलेल्या अँड्रॉइड मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोड येतो, आणि बहुतेक फोनवर त्याखाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. तो बघून टाइप करा. शिवाय स्टिकरवरचा पासवर्ड कुणीतरी आधीच बदललेला असू शकतो. मोबाईल ज्या पासवर्डवर चालू आहे तोच खरा.

पासवर्ड निश्चित बरोबर आहे आणि तरी जमत नाही? मग जुनी नोंद पुसा. ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वायफाय’, ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ इथे जाऊन आपलं नाव शोधा आणि ‘फर्गेट’ दाबा. मग नव्याने जोडा. विंडोज पासवर्डबरोबर सुरक्षेचा प्रकारही साठवून ठेवतं. राउटर बदलला, नाव तेच राहिलं, पण सुरक्षेचा प्रकार बदलला, तर जुनी नोंद आडवी येते.

जाता जाता: राउटर बदलताना नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही जुन्याप्रमाणेच अगदी तंतोतंत ठेवले, लहान-मोठ्या अक्षरांसकट, तर घरातलं बहुधा एकही उपकरण पुन्हा जोडावं लागत नाही. किल्ली नाव आणि पासवर्ड यांतूनच तयार होते, म्हणून नावातलं एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी ती वेगळी होते.

५. एन्क्रिप्शनचा प्रकार जुळत नाही

पासवर्ड बरोबर, सिग्नल चांगला, मोबाईल चालतो, हॉटस्पॉटवर लॅपटॉपही चालतो, आणि घरच्या वायफायला मात्र पासवर्ड चूक असल्याचा मेसेजही न देता लॅपटॉप नकार देतो. अशा वेळी मला पहिली शंका डब्ल्यूपीए३ ची येते.

थोडी पार्श्वभूमी. १९९७ साली वायफायबरोबर डब्ल्यूईपी आलं आणि २००१ मध्ये ते फोडता येतं हे संशोधकांनी दाखवून दिलं. घाईने २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, त्यात टीकेआयपी नावाची पद्धत होती. २००४ मध्ये एईएस वापरणारं डब्ल्यूपीए२ आलं, आणि आजही बहुतेक घरांत तेच आहे. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं. नव्या राउटरवर हल्ली ते असतं आणि काहींवर आल्यापासूनच चालू असतं.

डब्ल्यूपीए३ ला नियंत्रणाचे निरोपही सुरक्षित ठेवणारी एक सोय लागते, तिला पीएमएफ म्हणतात. जुनी कार्डं किंवा जुने ड्रायव्हर ती नीट सांभाळत नाहीत आणि ओळख पटवतानाच अडखळतात. विंडोज १० मध्ये डब्ल्यूपीए३ ची सोय २०१९ च्या १९०३ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्तीवर फक्त-डब्ल्यूपीए३ नेटवर्क जोडलंच जाणार नाही.

तुमच्या कार्डाला काय येतं ते असं बघा. स्टार्ट मेन्यूत ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून उघडा. इंग्रजीत चार शब्द टाइप करा: पहिला एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन, तिसरा ‘शो’, चौथा ‘ड्रायव्हर्स’. येणाऱ्या लांब यादीत ‘ऑथेंटिकेशन अँड सायफर’चा भाग शोधा. तिथे ‘डब्ल्यूपीए३-पर्सनल’ नसेल तर लॅपटॉपला ते येत नाही, वाद संपला. त्याच यादीत ‘रेडिओ टाइप्स’मध्ये ८०२.११ए किंवा ८०२.११एसी नसेल तर ५ गिगाहर्ट्झही येत नाही.

आता राउटरमध्ये शिरा. जोडलेल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. स्टिकरवरही लिहिलेला असतो. आत ‘वायरलेस’ आणि मग ‘सिक्युरिटी’ असा विभाग शोधा. निवड करताना असं बघा:

- ‘डब्ल्यूपीए३’ एकटंच असेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ मिश्र प्रकार करा.
- मिश्र प्रकारावरही जुना लॅपटॉप अडत असेल तर ‘डब्ल्यूपीए२-पीएसके’ आणि ‘एईएस’ करा. पीएमएफचा पर्याय वेगळा दिसत असेल तर तो ‘रिक्वायर्ड’ऐवजी ‘कॅपेबल’ किंवा ‘ऑप्शनल’ ठेवा.
- ‘टीकेआयपी’ किंवा ‘टीकेआयपी+एईएस’ असेल तर फक्त ‘एईएस’ करा. टीकेआयपीवर जोडणी झाली तरी वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. शंभर मेगाबिटचा प्लॅन घेऊन लॅपटॉपवर वीस-बावीस मिळतात, त्यामागे कधीकधी हेच असतं.
- ‘एंटरप्राइज’ किंवा ‘८०२.१एक्स’ चुकून निवडलं गेलं असेल तर लॅपटॉप पासवर्डबरोबर वापरकर्त्याचं नावही मागतो. घरासाठी नेहमी ‘पर्सनल’ किंवा ‘पीएसके’.

फार जुन्या लॅपटॉपला डब्ल्यूपीए२ सुद्धा येत नसेल तर त्याच्यासाठी सगळ्या घराची सुरक्षा डब्ल्यूईपीवर आणू नका. चारपाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा यूएसबी वायफाय अडॅप्टर लावा. आणि ‘तपासण्यापुरता’ म्हणून पासवर्ड काढून नेटवर्क उघडं ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर ती चाचणी करा. मुख्य नेटवर्क उघडं केलं की ते तसंच राहून जातं. खालच्या मजल्यावरचा कुणीही त्यात शिरतो आणि त्याने केलेल्या उद्योगांची चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते.

राउटरमध्ये शिरलाच आहात तर आणखी दोन गोष्टी करून टाका. ‘डब्ल्यूपीएस’ (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, त्याच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ पासून जगजाहीर आहे. आणि राउटरचा स्वतःचा ‘अॅडमिन’ पासवर्ड बदला.

‘मॅक फिल्टर’ चालू आहे का हेही बघा. इथे मॅक म्हणजे प्रत्येक उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, मॅक लॅपटॉप नव्हे. त्यात फक्त नोंदवलेल्या उपकरणांनाच प्रवेश असतो. लॅपटॉपवर ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस’ चालू असेल तर लॅपटॉप वेगळाच पत्ता दाखवतो, आणि पासवर्ड बरोबर असूनही राउटर त्याला दारातून परत पाठवतो. घरच्या नेटवर्कसाठी हा पर्याय बंद ठेवा.

६. जोडलं, पण नेट नाही

इथे एन्क्रिप्शन सुटलं. आता तिसरा आणि चौथा टप्पा.

मोबाईलवरही नेट नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ किंवा ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर तार तुटली किंवा वाकली आहे, कंपनीला फोन करा. दिवे ठीक असतील तर प्लॅनची मुदत संपली नाही ना बघा.

फक्त लॅपटॉपवरच नेट नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत, जोडून टाइप करा. वायफायच्या भागात आयपीव्ही४ पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतला आहे. राउटर एकदा बंद-चालू करा. तरी नाही झालं तर वायफायच्या गुणधर्मांत ‘आयपी असाइनमेंट’ ‘ऑटोमॅटिक’ आहे का बघा. ऑफिसात किंवा कॉलेजात कुणी पत्ता हाताने घालून दिलेला असतो आणि घरी तो चालत नाही. त्याच ठिकाणची आणखी एक उरलेली गोष्ट म्हणजे ‘प्रॉक्सी’ (नेट मधल्या सर्व्हरमार्फत वळवणारी सेटिंग), तीही बंद करा.

पत्ता व्यवस्थित आहे, व्हॉट्सअॅपसारखं काही चालतं पण वेबसाईटचं नाव टाकलं की उघडत नाही, तर अडचण डीएनएसची (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर). तो हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून बघा. ऑफिसचं व्हीपीएन किंवा एखादा अँटिव्हायरस मध्ये असेल तर तो तात्पुरता बंद करून तपासा.

प्रत्येक साईटवर ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा येत असेल तर लॅपटॉपची तारीख बघा. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि साईटची प्रमाणपत्रं अवैध दिसू लागतात. घरच्या वायफायचा पासवर्ड मात्र तारीख चुकल्यामुळे नाकारला जात नाही, तसं कुणी सांगितलं तर त्यामागे वेळ घालवू नका.

७. जोडतं, पण सारखं तुटतं

राउटर कुठे ठेवला आहे? टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाशेजारी, जिन्याखालच्या कोनाड्यात, या सगळ्या वाईट जागा. आरसीसीच्या स्लॅबमधून सिग्नल खालच्या मजल्यावर जाताना फार कमी होतो. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झ माजघरापर्यंतही पोचत नाही. तिथे एक लॅन केबल ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा आणखी एक डबा) लावणं हाच खरा उपाय. रिपीटरवर पैसे घालवण्याआधी केबलचा विचार करा.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर लॅपटॉप मध्येच इकडून तिकडे उडी मारतो आणि तेवढ्यात व्हिडिओ कॉल तुटतो. काही दिवस दोन वेगळी नावं देऊन बघा. मायक्रोवेव्ह चालू झाला की तुटत असेल तर तुम्ही २.४ वर आहात. यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्कही २.४ च्या पट्ट्यात गोंधळ घालते. ती लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवली की फरक पडतो.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच तुटत असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये वायफाय कार्डावर दोनदा क्लिक करा आणि ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये ‘अलाव द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’समोरची खूण काढा. काही लॅपटॉपवर हा टॅब दिसत नाही, मग वीज वाचवण्याचा मोड बंद करून बघा.

८. ड्रायव्हर

नेट नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा, हा प्रश्न रास्त आहे. मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला नेट मिळतं.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर मॉडेल क्रमांक टाकून वायफायचा ड्रायव्हर घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जाहिरात करणारी फुकट सॉफ्टवेअर टाळा. अडचण विंडोज अपडेटनंतर लगेच सुरू झाली असेल तर उलटं करा: ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’. अपडेट एकंदरीत चालूच ठेवा. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या ओळख पटवण्याच्या पद्धतीत ‘क्रॅक’ नावाची खोट सापडली होती आणि ती अशा अपडेटमधूनच बुजवली गेली.

मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सुरक्षेचा प्रकार, चॅनेल आणि सिग्नल दिसतो. सिग्नल उणे ६० च्या आसपास म्हणजे चांगला, उणे ८० म्हणजे जागा बदला. लिनक्सवर आधी ‘आरएफकिल लिस्ट’ बघा, कार्ड सॉफ्टवेअरने बंद केलेलं असू शकतं, आणि मग जुनी जोडणी काढून नवी करा. बाकी चार टप्पे सगळीकडे सारखेच.

९. रिसेट अगदी शेवटी

लॅपटॉपचं ‘नेटवर्क रिसेट’ करायला हरकत नाही. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या नोंदी जातात, तेवढं आधी लिहून ठेवा.

राउटरचं फॅक्टरी रिसेट मात्र कंपनीशी बोलल्याशिवाय करू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि मागच्या भोकातलं बटण दाबून धरणं वेगळं. त्या बटणाने वायफायचं नाव-पासवर्ड तर जातंच, पण अनेक कनेक्शनमध्ये कंपनीने आत घातलेलं लॉगिनही पुसलं जातं. मग घरातला चालू असलेला मोबाईल आणि टीव्हीही बंद पडतो.

१०. तक्रार नोंदवताना

इथवर येऊनही सुटलं नाही तर फोन करा, पण ‘वायफाय चालत नाही’ एवढंच सांगू नका. कोणत्या टप्प्यावर अडतं, पडद्यावर काय लिहून येतं, हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालतो का, मोबाईल त्याच वायफायवर चालतो का, राउटरवर सुरक्षेचा कोणता प्रकार आहे आणि डब्यावर कोणते दिवे लागले आहेत, हे कागदावरून वाचून दाखवा. ‘राउटर बंद करून चालू करा’ हे पुन्हा ऐकावं लागेल, ते फोनवर असतानाच करून दाखवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. माणूस घरी आला की लॅपटॉप समोर जोडून चालवून बघितल्याशिवाय त्याला ओटीपी देऊ नका, कारण ओटीपी दिला की त्यांच्याकडे तक्रार बंद होते.